महामारीतील कर्जमदत : छोट्या व्यापाऱ्याच्या हाती काय आले?



कापडवाल्याचे वर्ष रमजानभोवती फिरते. शाबान लागण्याआधीच आम्ही माल भरून ठेवतो, उधारीवर घेतो, ईदनंतर फेडतो. २०२० साली २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, २५ एप्रिलला पहिला रोजा आला आणि २५ मे रोजी ईद झाली. म्हणजे हंगामाचा पहिला दिवस ते शेवटचा दिवस, सगळा टाळेबंदीत गेला. आमचे मालेगाव तर एप्रिल-मे मध्ये राज्यातल्या सर्वांत बाधित शहरांपैकी एक होते. साचे बंद, गल्ल्या बंद, गोदामात तागे पडून. पुढच्या वर्षी तरी हंगाम सापडेल असे वाटले, तर १४ एप्रिल २०२१ रोजी रमजान सुरू झाला आणि त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागले. कापड दुकाने त्याआधीच बंद करवली होती. सलग दोन हंगाम गेले.

या काळात सरकारने व बँकांनी मदत जाहीर केली, आकडे मोठे होते. ती कोणाला मिळाली, कोणाला नाही आणि का, याचा हिशेब आपल्या लोकांनी नीट मांडलेला नाही. चहाच्या टपरीवर दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे "सरकारने काहीच दिले नाही", दुसरे म्हणजे "देणारे होते, आपल्यालाच घेता आले नाही". दोन्हीत थोडे थोडे खरे आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, बँकेची परिपत्रके इंग्रजीत येतात. त्यामुळे हे सर्व आम्हालाही उशिराच कळले, आणि ते उशिरा कळणे महागात पडले.

प्रथम हप्त्यांची गोष्ट. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. मे मध्ये ती आणखी तीन महिने वाढली, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२०. आपल्या बऱ्याच लोकांनी याचा अर्थ "सहा महिने माफ" असा घेतला. माफ काहीच नव्हते. व्याज चालूच होते आणि न भरलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत होते.

हिशेब पाहा. समजा एखाद्याकडे तीन लाख रुपये बाकी आहे, व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का, आणि हप्ता दहा हजारांचा. सहा महिने काहीच भरले नाही तर बाकी ३,१८,४५६ रु. होते. टाळेबंदी नसती तर त्याचे कर्ज ३६ हप्त्यांत फिटले असते. आता हप्ता तोच ठेवला तर ३९ लागतात. सहा महिन्यांच्या सवलतीची किंमत जवळजवळ तीन हप्ते.

या व्याजावरच्या व्याजाबद्दल लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. मग ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी चक्रवाढ व साधे व्याज यातला फरक स्वतः भरण्याचे ठरवले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने तर कोणत्याच कर्जदाराकडून त्या काळाचे चक्रवाढ व्याज घेऊ नये असा निर्णय दिला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण वरच्या उदाहरणात साधे व्याज १८,००० रु. होते आणि चक्रवाढ धरून १८,४५६ रु. म्हणजे मिळाले काय? ४५६ रुपये! आमच्या ओळखीचे एक दुकानदार खात्यात आलेली अशीच रक्कम पाहून बँकेत भांडायला गेले होते, बाकीचे पैसे कोणी खाल्ले म्हणून. कोणीच खाल्ले नव्हते. फरकच तेवढा होता.

आता मोठी योजना. १३ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी लहान उद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या हमी-कर्जाची घोषणा केली. तारण नाही, हमीचे शुल्क नाही, बँकेला सरकारची शंभर टक्के हमी. व्याज बँकेत जास्तीत जास्त ९.२५ टक्के, खासगी वित्त कंपन्यांत १४ टक्के. मुदत चार वर्षांची, त्यात पहिले वर्ष फक्त व्याज भरायचे. व्यापारीही त्यात बसत होते, मुद्रा कर्जवालेही. सदर योजना पुढे वाढत वाढत ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाली. आमच्या मते योजना वाईट नव्हती. ज्यांच्याकडे बारा-चौदा टक्क्यांचे कर्ज होते त्यांना सव्वानऊ टक्क्यांत पैसा मिळाला, आणि बँकेने बोलावून दिला.

पण कर्ज किती मिळायचे? २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेची जी बाकी तुमच्या नावावर होती तिच्या २० टक्के. सगळी मेख या एका ओळीत होती.

आमचेच सांगतो. आमच्या कॅश क्रेडिटची मर्यादा दहा लाखांची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या पार्टीचे पैसे आले, ते आम्ही तसेच खात्यात भरले. हेतू हा की सूद कमी बसावा, रमजानचा माल उचलताना पुन्हा काढू. त्यामुळे त्या तारखेला बाकी दोन लाख दहा हजार. वीस टक्के म्हणजे बेचाळीस हजार. आमच्या शेजारचे दुकान, तेवढीच मर्यादा, पण त्यांनी ती पूर्ण वापरलेली. त्यांना दोन लाख मिळाले. मर्यादा नव्हे, बाकी धरायची होती. आम्ही शाखेत जाऊन खूप वाद घातला. व्यवस्थापक म्हणाले, नियम दिल्लीचा आहे. तेव्हा राग आला, पण नियम खरोखरच तसा होता.

आणि ज्याने बँकेकडून कधी कर्जच घेतले नाही त्याचे काय? आमचे एक सायझिंगवाले मित्र आहेत. सुदाच्या भीतीने तीस वर्षे त्यांनी फक्त चालू खाते ठेवले, एक पै कर्ज नाही. त्यांचे वीस टक्के म्हणजे शून्याचे वीस टक्के. मदत त्यालाच मिळाली जो आधीपासून कर्जात होता. योजना आखणाऱ्यांच्या मनात अन्याय नसावा. चालू कर्ज बुडू नये आणि बँकाही वाचाव्यात हा त्यांचा विचार होता. पण आपल्या समाजात बँकेपासून लांब राहणारे व्यापारी व कारागीर पुष्कळ आहेत, ते सर्व या चौकटीच्या बाहेर राहिले. सुदाचा मसला आलिमांना विचारावा, आम्ही कापडवाले, त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच सांगतो की इतर काही देशांत मदतीचा पाया कर्जाची बाकी हा नव्हता. जर्मनीने पाच माणसांपर्यंतच्या धंद्याला तीन महिन्यांसाठी नऊ हजार युरोपर्यंत थेट अनुदान दिले. पुढे हिशेब तपासून पुष्कळांकडून त्यातला काही भाग परतही मागितला, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे धंदेवाल्याला मुख्यतः कर्जच मिळाले, आणि कर्ज फेडावे लागते.

जे बँकेच्या चौकटीबाहेर होते त्यांनी काय केले? घरातले सोने काढले. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची परवानगी बँकांना मार्च २०२१ पर्यंत दिली. त्याच महिन्यात सोने दहा ग्रॅमला ५५ हजारांच्या वर गेले होते. मार्च २०२१ मध्ये ते ४५ हजारांच्या आसपास आले. चढ्या भावात नव्वद टक्के उचललेल्यांचे दागिने कर्जापेक्षा स्वस्त झाले आणि बँका वर पैसे भरा म्हणू लागल्या. आमच्या मोहल्ल्यात सुनेचे दागिने अशा रीतीने गेले, सासऱ्याने आजपर्यंत तिच्याकडे मान वर करून पाहिलेले नाही.

हातगाडीवाल्यांच्या बाबतीत मात्र योजना त्यांच्या मापाची होती असे आम्ही म्हणू. जून २०२० मध्ये स्वनिधी योजना सुरू झाली. पहिले कर्ज दहा हजार, वर्षभरात फेडायचे, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज सरकार खात्यात परत देते, पुढे वीस हजार, मग पन्नास हजार. येथे जुन्या कर्जाची अट नव्हती. अट होती ती नगरपालिकेच्या यादीत नाव असण्याची, नाहीतर शिफारसपत्राची. ज्याच्याकडे पालिकेची साधी पावती होती त्याचे काम झाले, ज्याने वर्षानुवर्षे पावती फाडून फेकली तो हेलपाटे घालत राहिला. ही योजना आजही चालू आहे. २०२५ मध्ये तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली, पहिले कर्ज पंधरा हजारांचे व दुसरे पंचवीस हजारांचे केले.

आता जी गोष्ट लिहायला आम्हाला जड जाते ती. टाळेबंदी लागली तेव्हा एका कारखानदाराचे एक लाख ऐंशी हजार रुपये आमच्याकडे होते. सहा साच्यांचा माणूस. आमचा माल पालीला प्रक्रियेसाठी गेलेला, मुंबईची पार्टी फोन उचलत नव्हती, म्हणून आम्हीही त्याचा फोन उचलेनासे झालो. पैसे डिसेंबरात दिले, तेही तीन तुकड्यांत. तोवर त्याने दोन साचे भंगारात विकले होते. आमच्याकडे काही तर होते, थोडे थोडे देता आले असते. सरकारने मदत केली नाही असे म्हणताना आम्हाला हा माणूस आठवतो.

त्याच्या हातात कायदा होता, त्याला ठाऊक नव्हते. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ज्याला व्याज नको त्याला मूळ रकमेसाठीही तक्रार करता येते, ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात नवे कलम आले. असे पैसे मुदतीबाहेर थकवून वर्षअखेरीस बाकी ठेवले तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच मिळतो. हा कायदा आम्हा व्यापाऱ्यांच्या खिशाला लागणारा आहे, तरी कारागीर बांधवांनी तो जाणून घ्यावा. व्यापाऱ्याला स्वतःच्या वसुलीसाठी त्याचा आधार मिळत नाही. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापारीही उद्यम नोंदणी करू शकतात, पण त्यांना लाभ फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता आहे.

उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. आधार व पॅन पुरते, जेथे जीएसटी लागू आहे तेथे तो क्रमांक. आपल्याकडे एजंट यासाठी हजार-दोन हजार घेतात, हे बंद झाले पाहिजे. ज्यांना जीएसटी लागत नाही अशा अगदी लहान कारागिरांसाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्ट नावाची वेगळी सोय आहे, बँकेमार्फत नोंद होते. बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा. आमच्या त्या कारखानदाराकडे तर बिलच नव्हते, चिठ्ठीवर तागे आणि मीटर लिहिलेले असे. उद्या मी नाही म्हटले असते तर त्याने काय दाखवले असते?

शेवटी आपसातल्या मदतीबद्दल. टाळेबंदीत अनेक मोहल्ल्यांत लोकांनी रेशन वाटले, ती मोठी खिदमत होती. पण रेशनने धंदा उभा राहत नाही, त्याला भांडवल लागते. आमच्या ओळखीच्या दहा-बारा व्यापाऱ्यांनी जून २०२० मध्ये कर्ज-ए-हसनाची एक लहानशी पेटी केली. पाच ते वीस हजार, बिनव्याजी, सुताच्या बाचक्यासाठी किंवा शिलाई मशीनसाठी. पहिल्या फेरीत सर्व तोंडी होते. वसुलीच्या वेळी कोणी म्हणाला सहा हजार घेतले, वहीत आठ. दोन जुन्या दोस्तांत बोलणे बंद झाले. दुसऱ्या फेरीपासून कागद केला, दोन साक्षीदार घेतले, हप्ता आठवड्याचा ठेवला. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदारांचा आदेश आहेच, आम्ही तो तिलावतीत वाचत होतो, वहीत आणला नव्हता. काही जण खरोखर फेडू शकले नाहीत, त्यांची बाकी आपसात विचार करून सोडून दिली. कर्जात बुडालेला हा जकातीच्या आठ हकदारांपैकी एक आहे, म्हणून काहींनी पुढच्या वर्षीची जकात अशा माणसांना देऊन त्यांची बाहेरची देणी फेडायला लावली.

पेटी अजून चालू आहे. आता अर्ज घेताना आम्ही तीन गोष्टी पाहतो : मागील सहा महिन्यांचा रोजमेळ, मग तो उर्दूत असो की मराठीत, बँकेचे एक चालते खाते, आणि उद्यमचा कागद. कागद नसेल तर अर्ज परत करत नाही, आमच्यातला एक मुलगा शनिवारी सकाळी दुकानात बसून तो फुकट काढून देतो.