सात समया आणि त्यांचीं ठिकाणें

पाठाचा शास्त्रभाग: प्रकटीकरण, अध्याय १ ते ३

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत ज्या सात मंडळ्यांस पत्रें लिहिलीं आहेत, त्यांचीं गांवें आजच्या तुर्कस्तान देशाच्या पश्चिम भागांत आहेत. हल्लीं ख्रिस्ती लोकांचे जथे विमानानें इझमीर शहरीं उतरतात, तेथें बस ठरवितात आणि आठ-दहा दिवसांत हीं सातहि ठिकाणें पाहून परततात. कोणी समुद्र ओलांडून पात्म बेटासहि जातात. परत आलेला प्रवासी आपल्या मंडळींत चित्रें दाखवितो, चार शब्द बोलतो, आणि त्या बोलण्यांत एक गोष्ट पुष्कळदां असते. ती अशी: इफिसानें आपली पहिली प्रीति सोडली, म्हणून प्रभूनें त्याची समई काढून टाकिली, पाहा, तेथें आज केवळ दगड उरले आहेत. स्मुर्णा व फिलदेल्फिया यांस मात्र प्रभूनें दोष लाविला नाहीं, म्हणून तीं शहरें अद्याप नांदत आहेत. हें ऐकावयास सरळ वाटतें, आणि उपदेशकबंधूंस उपदेशासाठीं आयतें मिळतें. तें खरें आहे काय, हें पाहण्यासाठीं हा पाठ आहे. वाचकांनीं शास्त्र उघडून जवळ घ्यावें, आणि त्या बसमध्यें आपणहि बसलों आहों असें समजावें.

आधीं नांवांविषयीं. आपल्या शास्त्रांतील नांवें तेथल्या रस्त्यांवरील पाट्यांवर क्वचितच सांपडतात. स्मुर्णा म्हणजे आजचें इझमीर. इफिसाचे अवशेष सेल्चुक गांवाच्या शेजारीं आहेत. पर्गमास आतां बेर्गामा, थुवतीरास आखिसार, सार्दीसास सार्त व फिलदेल्फियास आलाशेहिर म्हणतात. लावदिकीया हें देनिझ्ली शहराजवळ एका उंचवट्यावर पडलेलें आहे. पत्रें ज्या क्रमानें आलीं आहेत त्याच क्रमानें हीं ठिकाणें नकाशावर रेघेनें जोडलीं, तर रेघ इफिसापासून उत्तरेस पर्गमापर्यंत जाते आणि तेथून वळून आग्नेयेकडे लावदिकीयास उतरते. सर विल्यम रॅमसे या विद्वानानें १९०४ सालीं या पत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें हें दाखवून दिलें कीं पत्रें घेऊन निघालेला जासूद याच वाटेनें गेला असता. आजच्या बसचीहि बहुधा हीच वाट असते.

इफिस येथें प्रवाशांचा अर्धा दिवस सहज जातो. संगमरवरी फरसबंदीच्या रस्त्यानें खालीं उतरत गेलें म्हणजे समोर दोन मजली खांबांचा एक भव्य दर्शनी भाग दिसतो. सगळे तेथें उभे राहून चित्रें काढितात. हें केल्सस नांवाच्या अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ बांधलेलें ग्रंथालय होय. पौलाच्या मृत्यूनंतर सुमारें पन्नास वर्षांनीं त्याचें काम सुरू झालें, म्हणजे पौलानें तें कधींच पाहिलें नाहीं. आणि आज दिसतो तो दर्शनी भाग १९७० नंतरच्या वर्षांत पडलेले दगड जुळवून पुन्हां उभा केलेला आहे. वाटाड्या हें सांगतोच असें नाहीं. नाटकगृहाची गोष्ट वेगळी. टेंकडीच्या उतारावर खोदलेल्या त्या अर्धवर्तुळांत सुमारें चोवीस हजार माणसें बसत असत. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १९ यांत देमेत्रिय सोनारानें उठविलेला दंगा सांगितला आहे, तो येथें झाला. दोन तास तो जमाव आपल्या देवीच्या नांवानें ओरडत होता. येथें उभें राहून तो अध्याय मोठ्यानें वाचावा. पायऱ्यांच्या रांगांकडे पाहिलें म्हणजे पौलाच्या सोबत्यांस काय वाटलें असेल तें कळतें.

त्या देवीचें, म्हणजे अर्तमीचें, मंदिर जगांतील सात आश्चर्यांत गणलें जाई. इ.स. तिसऱ्या शतकांत गॉथ लोकांनीं त्यावर घाला घातला. पुढें त्याचे दगड लोकांनीं इतर बांधकामास नेले, आणि जागाहि गाळाखालीं अशी बुजली कीं जॉन टर्टल वुड या इंग्रज गृहस्थास ती कित्येक वर्षें शोधून १८६९ च्या शेवटीं सांपडली. आज तेथें दलदलींत तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब आहे, आणि त्याच्या माथ्यावर करकोचे घरटें करितात.

आतां समईकडे येऊं. इफिस ओस पडलें हें खरें. पण तें कां पडलें? तें बंदराचें शहर होतें. केस्टर नदी डोंगरांतून माती आणून बंदरांत टाकी. बादशहांनीं बंदर उपसविलें, तरी नदी थांबली नाहीं. समुद्र मागें हटत गेला, व आज तो त्या जुन्या धक्क्यापासून पांच-सहा किलोमीटर दूर आहे. जहाजें येईनात, व्यापार गेला, दलदल माजली, आणि लोक हळूहळू जवळच्या टेंकडीवर राहावयास गेले. यांत मंडळीच्या पापाचा पुरावा शोधणारानें असें विचारावें कीं, नदीस गाळ आणावयास मंडळीच्या प्रीतीची वाट पाहावी लागली होती काय? आपल्याकडेहि विहिरी आटून गांव उठला म्हणजे गांवचें उपासनामंदिर ओस पडतें. त्यावरून तेथले लोक देवाला सोडून गेले असें कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाहीं.

याहून मोठी गोष्ट अशी कीं, इफिसाची मंडळी त्या पत्रानंतर मेली नाहीं. प्रकटीकरण इ.स. ९५ च्या सुमारास लिहिलें गेलें असें पुष्कळ विद्वान मानतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, दुसऱ्या शतकाच्या आरंभीं, अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नेशियस यास शिपायांच्या पहाऱ्यांत रोम शहरीं मरणासाठीं नेत असतां स्मुर्णा येथें थांबविलें होतें. तेथून त्यानें इफिसकरांस पत्र लिहिलें. तें पत्र आज उपलब्ध आहे, व त्यांत तो त्या मंडळीची व तिचा अध्यक्ष अनेसिम याची मनापासून वाखाणणी करितो. तो अनेसिम फिलेमोनाचा पळालेला दासच होता असें कोणी म्हणतात, पण नुसत्या नांवसाम्यावरून तसें ठरवितां येत नाहीं. पुढें इ.स. ४३१ मध्यें ख्रिस्ती जगाची एक मोठी धर्मसभा याच शहरांत मरियेच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत भरली. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें टेंकडीवर, जेथें योहानाची कबर आहे असें मानीत, तेथें विस्तीर्ण मंदिर बांधिलें. त्याच्या भिंती व खांब आजहि सेल्चुक येथें पाहावयास मिळतात. आणि तेथून जवळच्याच शिरिंजे नांवाच्या डोंगरी गांवांत ग्रीक भाषा बोलणारे ख्रिस्ती लोक विसाव्या शतकापर्यंत राहात होते. इशारा मिळालेल्या मंडळीनें तो ऐकिला असावा, हा निष्कर्ष या इतिहासाशीं अधिक जुळतो. पत्रांत अट होती, ती आपण उपदेश करितांना विसरतों: पश्चात्ताप न केल्यास समई काढली जाईल, असें तेथें सांगितलें आहे.

स्मुर्णा येथें वरच्या उपदेशाचा दुसरा अर्धा भाग तपासावा. इझमीर हें मोठें, गजबजलेलें शहर आहे. जुन्या बाजारपेठेच्या कमानी आधुनिक इमारतींच्या मधोमध उघड्या केलेल्या आहेत. या मंडळीस प्रभूनें मरणापर्यंत विश्वासू राहावयास सांगितलें, आणि इ.स. १५५ च्या सुमारास तिचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याला अग्नींत द्यावयाचें ठरलें. ख्रिस्ताला शिव्या दे म्हणजे सोडतों, असें अधिकारी म्हणाला. शहाऐंशीं वर्षें ज्याची सेवा केली, ज्यानें माझें कधीं वाईट केलें नाहीं, त्या राजाला मी कसा दूषण देऊं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. त्या मंडळीची परंपरा पुढें अठराशें वर्षें चालली. मग १९२२ च्या सप्टेंबरांत, ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धाच्या शेवटीं, शहरास आग लागली. ग्रीक व आर्मेनी ख्रिस्ती लोकांचे मोहल्ले जळाले, आणि धक्क्यावर जमलेली हजारों माणसें मिळेल त्या गलबतानें निघून गेलीं. १९२३ च्या करारानें दोन्ही देशांतील लोकांची अदलाबदल ठरली. सगळें मिळून सुमारें बारा लाख ख्रिस्ती लोकांस तुर्कस्तान सोडावें लागलें, आणि साडेतीन ते चार लाख मुसलमानांस ग्रीस सोडावें लागलें. त्या बिचाऱ्यांचींहि घरें, शेतें व थडगीं मागें राहिलीं. त्यांतील कांहीं कुटुंबें शिरिंजे गांवच्या रिकाम्या घरांत येऊन राहिलीं. इझमीर येथें आज पॉलिकार्पाच्या नांवाचें एक मंदिर व इतर थोड्या लहान मंडळ्या आहेत.

म्हणजे ज्या मंडळीस एकहि दोष लाविला नव्हता, तिच्याहि वांट्यास हें आलें. दगडांवरून न्याय करावयाचा, तर स्मुर्णाविषयीं आपण काय म्हणणार?

पर्गम व थुवतीरा हीं लवकर पाहून होतात. पर्गम उंच डोंगरावर आहे, आणि त्याचें नाटकगृह इतकें उभें आहे कीं वरून खालीं पाहतांना डोकें गरगरतें. सैतानाचें आसन म्हणजे येथील जूसची मोठी वेदी, असें कित्येक समजतात. कोणी तें कैसराच्या पूजेचें मंदिर समजतात, व पत्रांत अंतिपाच्या मरणाचा उल्लेख असल्यामुळें हें दुसरें मत मला अधिक पटतें. वेदी पाहावयाची तर ती तेथें नाहीं. कार्ल हूमान या जर्मन गृहस्थानें १८७८ पासून खोदून काढिलेले तिचे कोरीव दगड बर्लिन शहरीं नेलेले आहेत. डोंगरावर पाया व झाडें एवढेंच आहे. थुवतीराचे अवशेष तर बाजारपेठेच्या मध्यभागीं कुंपण घातलेल्या एका चौकांत मावतात. पण सातांत सर्वांत लांब पत्र याच गांवास आहे. तेथें सांपडलेल्या शिलालेखांत रंगारी, चर्मकार, कुंभार, तांबट इत्यादि धंदेवाल्यांच्या पंचायतींचीं नांवें आहेत. जांभळीं वस्त्रें विकणारी लूदिया तेथलीच. धंद्याची पंचायत म्हटली कीं तिची जेवणावळ आली, आणि जेवणावळीच्या आधीं देवाला नैवेद्य आला. ख्रिस्ती रंगाऱ्यानें तेथें बसावें कीं उठून जावें? जत्रेच्या बोकडाचा वांटा भावकींतून घरीं आला असतां ज्यास पेंच पडला आहे, त्याला या पत्राचा अर्थ फार समजावून सांगावा लागणार नाहीं.

सार्दीस येथें मात्र दगड खरोखर बोलतात. किल्ला ढांसळत्या कड्यांवर आहे. तो अजिंक्य समजून लोक बिनधास्त होते. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या कोरेश राजानें वेढा दिला असतां एका पहारेकऱ्याचें शिरस्त्राण कड्यावरून खालीं पडलें, तें घ्यावयास तो उतरला व चढला. शत्रूच्या एका शिपायानें ती वाट पाहून ठेविली, आणि किल्ला पडला, असें हिरोडोटस सांगतो. पुढें तीन शतकांनीं तिसऱ्या अंत्युखस राजानें तोच किल्ला जवळपास तशाच रीतीनें घेतला. जागृत राहा, नाहीं तर चोरासारखा येईन, हा इशारा त्या गांवांतील मुलालाहि कळला असेल.

फिलदेल्फिया येथें पाहण्यास थोडें आहे: विटांचे तीन-चार अवाढव्य खांब, जुन्या योहान-मंदिराचे. जय मिळविणाऱ्यास देवाच्या मंदिराचा खांब करीन असें वचन पत्रांत असल्यामुळें वाटाडे हे खांब हटकून दाखवितात, परंतु ते पत्रानंतर कित्येक शतकांनीं बांधिलेले आहेत. वचनाचा अर्थ जमिनींत शोधावा. इ.स. १७ मध्यें येथें मोठा भूकंप झाला. स्त्राबो नांवाचा त्या काळचा भूगोलकार लिहितो कीं, भिंतींस सारखे तडे जात, म्हणून बहुतेक लोक शहराबाहेर शेतांवर राहात. पुन्हां पुन्हां बाहेर पळावें लागणाऱ्या त्या लोकांस प्रभु सांगतो कीं, तुम्हांला पुन्हां बाहेर जावें लागणार नाहीं. आसपासचा मुलूख तुर्कांच्या हातीं गेल्यावरहि हें शहर १३९० पर्यंत टिकलें, आणि त्यानंतरहि तेथें ख्रिस्ती लोक होते. तेहि १९२२ नंतर गेले. अथेनै शहराच्या भोंवतीं आज नवी स्मुर्णा व नवी फिलदेल्फिया या नांवांचीं उपनगरें आहेत. तीं या निर्वासितांनीं वसविलीं. समईविषयींच्या वचनांत जो ग्रीक शब्द आहे, त्याचा साधा अर्थ हालविणें असा आहे.

शेवटचें ठिकाण लावदिकीया. सात पत्रांत स्तुतीचा एकहि शब्द नसलेलें पत्र हेंच. हें शहर श्रीमंत होतें; इ.स. ६० च्या भूकंपानंतर त्यानें रोमची मदत न घेतां आपल्याच पैशांनीं स्वतःस पुन्हां उभारिलें, असें टॅसिटस लिहितो. समोर हेरापलीचे ऊन पाण्याचे झरे व त्यांनीं पांढरा केलेला डोंगर दिसतो. दुसरीकडे कलस्सै, जेथें थंड पाणी होतें. ऊन पाण्यानें अंग शेकतें, थंड पाण्यानें तहान भागते. लावदिकीयाचें पाणी दगडी नळांतून आणीत, आणि ते नळ आंतून चुन्याच्या थरानें दाटलेले आजहि पाहावयास मिळतात. कोमट असण्याचा दोष याच पाण्यावरून दिला, असें पुष्कळ टीकाकार म्हणतात. कांहींस तें मान्य नाहीं.

इतकें कठोर पत्र ज्यांस आलें, त्यांचें काय झालें? येथें २००३ पासून सतत खोदकाम चाललें आहे, आणि २०१० मध्यें चौथ्या शतकांत बांधिलेलें एक मोठें मंदिर मातीखालून निघालें. त्याची चित्रमय फरशी व बाप्तिस्म्याचें कुंड शाबूत आहेत. कुंड क्रूसाच्या आकाराचें असून आंत उतरावयास पायऱ्या आहेत. त्या पत्रानंतर दोनशेंहून अधिक वर्षांनींहि या मंडळींत नवे लोक बाप्तिस्मा घेत होते. जथ्यास येथें फार वेळ देत नाहींत, कारण बसला संध्याकाळच्या आंत त्या पांढऱ्या डोंगराशीं पोहोंचावयाचें असतें. जाणारांनीं वाटाड्याला आधींच सांगून या मंदिरासाठीं अर्धा तास मागून घ्यावा.