मल्चिंग पेपरचा रंग आणि टोमॅटोचं झाड



आठवीच्या वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतो. आरसा, आपाती किरण, परावर्तित किरण, नेहमीचंच. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, आमच्या मल्चिंग पेपरला वरून चंदेरी आणि खालून काळा रंग का असतो? आणि लाल पेपर टाकला की टोमॅटो जास्त लागतात, ते खरंय का?" त्याच्या घरी एक एकर टोमॅटो. वडिलांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता आणि लाल पेपर मागवायच्या विचारात होते. प्रश्न पुस्तकातला नव्हता, पण उत्तर चुकलं तर त्यांचे पैसे जाणार होते. म्हणून मी "उद्या सांगतो" म्हटलं आणि घरी जाऊन नीट वाचून आलो. ते इथे मांडतोय.

आधी सोपं. कोणत्याही रंगाचा पेपर अंथरला तरी ओल टिकते. तण मात्र रंगावर ठरतं. काळ्या पेपरखाली उजेडच पोचत नाही, त्यामुळे तण वाढत नाही आणि खुरपणीचा खर्च वाचतो. पारदर्शक पेपरमधून ऊन थेट मातीवर पडतं. पेपरच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि ते मातीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून माती सगळ्यात जास्त तापते ती पारदर्शक पेपरखाली, काळ्याखाली नाही! मुलांचं उत्तर हमखास "काळा" येतं. माझंही तेच आलं असतं. अर्थात पारदर्शक पेपरखाली तणही जोमात येतं.

हे दाखवायला शाळेच्या मागे तीन छोटे वाफे केले आणि प्रत्येकात मातीचा थर्मामीटर खोचला. दुपारी पाहिलं तर काळ्या पेपरखालची माती उघड्या मातीपेक्षा जेमतेमच गरम. मुलं हसायला लागली. चूक माझी होती. पेपर सैल टाकला होता, खाली हवा राहिली. काळा पेपर स्वतः तापतो आणि ती उष्णता मातीला टेकूनच देतो. मधे हवा असली की बरीचशी उष्णता वरच निघून जाते. दुसऱ्या दिवशी वाफा सपाट केला, पेपर ताणून कडा मातीत दाबल्या, आणि फरक दिसला. तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर पहिला दिवस मुद्दाम चुकीचा करा. वहन शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता चंदेरी. तो ऊन परत फेकतो, म्हणून माती काळ्यापेक्षा थंड राहते. त्याहून मोठं काम म्हणजे किडींचं. मावा, पांढरी माशी, फुलकिडे हे उडताना आकाशाच्या उजेडावरून दिशा ठरवतात. खालूनही तसाच अतिनील किरणांचा झगमगाट आला की ते गोंधळतात आणि झाडावर कमी उतरतात. पांढरी माशी टोमॅटोच्या पानं गुंडाळणाऱ्या विषाणूचा प्रसार करते आणि रोप लहान असताना लागण झाली तर नुकसान सगळ्यात जास्त. चंदेरी पेपर नेमक्या त्याच आठवड्यांत उपयोगी पडतो. पुढे पानांनी पेपर झाकला की रंगाचं काम संपलं.

राहिला लाल. ही गोष्ट अमेरिकेतली. साउथ कॅरोलिना राज्यातल्या फ्लॉरेन्स इथे तिथल्या कृषी खात्याचे शास्त्रज्ञ मायकेल कॅस्परबाउअर आणि त्यांचे सहकारी यांनी टोमॅटोखाली वेगवेगळ्या रंगांचे पेपर अंथरले. 1989 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात लाल पेपरवर सुरुवातीच्या तोड्यांचा विक्रीयोग्य माल जास्त भरला होता. कारण मजेशीर आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा दूर-लाल प्रकाश परत फेकतं. झाडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ते साधारण 660 नॅनोमीटरचा लाल आणि 730 नॅनोमीटरचा दूर-लाल प्रकाश यांचं प्रमाण ओळखतं. दूर-लाल वाढला, म्हणजे शेजारी दुसरं झाड आलं! मग झाड मुळांपेक्षा वरच्या वाढीवर जास्त जोर देतं. त्या लाल पेपरवरून येणारा प्रकाश झाडाला असाच फसवतो. शेजारी कोणी नसताना झाड शर्यतीत उतरतं.

मग वडिलांना काय सांगायचं? मी म्हटलं, भाऊ, गोष्ट खरी आहे, पण ती तिथली. त्या पेपरमधला लाल रंग ठरावीक प्रकाश परत फेकेल असा निवडलेला होता. बाजारातला कुठलाही लाल प्लास्टिक कागद तेच करेल असं नाही. शिवाय लाल पेपर थोडा उजेड आत सोडतो, तण येऊ शकतं. तिकडे वसंतात जमीन गार असते, ती गरम होणं फायद्याचं. आपल्याकडे मार्चनंतर जमीन गार कशी ठेवायची हीच अडचण. आणि पांढरी माशी आवरायची असेल तर चंदेरी सोडू नका. मालाला भाव नसेल तर आधी आलेला तोडाही हात देत नाही, हे त्यांनीच मला ऐकवलं, आणि ते माझ्या वाचनात कुठे नव्हतं.

लाल पेपर त्यांनी मागवला नाही. पण मुलाचं समाधान झालं नव्हतं, त्याला रंगाचा फरक बघायचाच होता. त्यासाठी नवीन काही विकत आणायची गरज नाही. थंडीच्या लागवडीत एका बेडवर तोच पेपर उलटा, काळी बाजू वर करून अंथरायचा. शेजारच्या बेडवर नेहमीसारखा चंदेरी वर. वाण एक, रोपं एकाच दिवशी लावलेली, ठिबक एकच, आणि बांधाकडेचे बेड सोडून मधले दोन. उन्हाळ्यात मात्र काळी बाजू वर नको, तापलेल्या पेपरला टेकून कोवळी रोपं भाजतात.

दर आठवड्याला दोन्हीकडच्या दहा-दहा रोपांची उंची, पहिलं फूल कधी आलं, पानाखाली पांढऱ्या माश्या किती, आणि प्रत्येक तोड्याचं वजन लिहायचं. वही त्याने घातली आहे. एक रकाना त्याच्या आईने वाढवायला लावला: हंगाम संपल्यावर पेपर काढायला किती वेळ लागला आणि किती तुकडे मातीतच राहिले.