भूगोल पाठ : मॉरिशस बेटावरील सुटीचा दिवस

डिसेंबरात आपल्याकडे शेकोट्या पेटतात, तेव्हा मॉरिशस बेटावर उन्हाळा असतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे, हे शिक्षकांनी पृथ्वीगोलावर दाखवावे. सुटीच्या दिवशी तेथील कुटुंबे जेवणाचे डबे घेऊन समुद्रकाठी सुरूच्या सावलीत निवांत बसतात. त्यांत मराठी घरेही असतात : १८३४ पासून ऊसमळ्यांवर भारतीय करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत कोकणातील माणसेही होती. मुले पाण्यात मनसोक्त डुंबतात, कारण बेटास जवळजवळ वेढणाऱ्या प्रवाळभित्तीवर लाटा फुटून अलीकडचे पाणी बहुधा संथ राहते. हे कारण गाळून केवळ मौजेचे वर्णन करू नये. कोकणच्या किनाऱ्यास अशी सलग भित्ती नाही. तेथे उघड्या समुद्राच्या लाटा थेट वाळूवर येतात आणि परतणारे पाणी माणसास आत ओढते.