हरवलेल्या छायाचित्रांचा संगणकातील शोध

समजा, एखाद्या खेड्यातील शाळेच्या गुरुजींनी स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनाची छायाचित्रे आपल्या लहानशा कॅमेऱ्याने घेतली, घरी आल्यावर ती संगणकात उतरविली आणि पुढच्या कार्यक्रमासाठी कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून ठेवले. दोन वर्षांत त्या छायाचित्रांची कोणास आठवणही झाली नाही. मग एके दिवशी पाचवीतील एका मुलीची आई शाळेत येते. तिचे यजमान नुकतेच निवर्तले आहेत. घरात त्यांचे लग्नातले एक छायाचित्र आहे, पण ते ऐन विशीतले. मुलीने पाहिलेले वडील त्यात दिसत नाहीत. झेंडावंदनाच्या दिवशी ते मुलांच्या रांगांमागे उभे होते आणि गुरुजींनी फोटो काढला होता, एवढे तिच्या ध्यानात आहे. तो मिळेल काय, असे ती विचारते. रात्री गुरुजी घरी संगणक उघडतात, तो त्या फोल्डरचा पत्ताच नाही.

अशा वेळी मनुष्याचा हात स्थिर राहत नाही. तो इकडे उघडतो, तिकडे दाबतो, कोणी सुचविलेला एखादा प्रोग्राम इंटरनेटवरून घाईने उतरवून घेतो. वस्तुतः गेलेले छायाचित्र कायमचे नाहीसे होण्यास पुष्कळदा ही घाईच कारण होते. ते कसे, हे समजण्यासाठी संगणक एखादी फाईल काढून टाकतो म्हणजे नेमके काय करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

‘फोटो पुसला गेला,’ असे मुले सहज म्हणतात. हा शब्द पाटीवरून आलेला आहे आणि येथे तो दिशाभूल करणारा आहे. ओल्या फडक्याने पाटी पुसली की अक्षर उरत नाही. संगणकात तसे घडत नाही. खेड्यातील मुलांस याहून जवळचा दाखला सातबाऱ्याचा आहे. सातबाऱ्यावरून खातेदाराचे नाव कमी झाले म्हणून शेतातील उभे पीक त्या क्षणी नाहीसे होत नाही. ते दुसरा कोणी येऊन नांगर घालीपर्यंत तसेच उभे असते. संगणकाच्या डिस्कवर किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावर अशीच एक नोंदवही असते. कोणती फाईल कोणत्या जागी आहे, हे तीत लिहिलेले असते. फाईल काढून टाकली की संगणक फक्त त्या वहीत खूण करतो की, ही जागा आता मोकळी आहे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या फॅट नावाच्या व्यवस्थेत तर फाईलच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलले जाते आणि तिच्या जागांची साखळी मोकळी म्हणून नोंदली जाते. चित्राचा मजकूर होता तेथेच राहतो. पुढे नवी फाईल लिहावयाची वेळ आली की ती त्या मोकळ्या जागेवर लिहिली जाते. तेव्हा मात्र पहिले पीक खरोखर मोडते.

यावरून पहिला नियम निघतो. ज्या कार्डावरून किंवा डिस्कवरून छायाचित्र गेले, तिच्यावर त्या क्षणापासून काहीही लिहू नये. कार्ड असेल तर ते कॅमेऱ्यातून काढून ठेवावे. मोठ्या आकाराच्या कार्डाच्या कडेला एक लहानशी खिट्टी असते, ती सरकविली की त्यावर लिहिणे बंद होते. संगणकच असेल तर त्यावर नवे काम करू नये, नवा प्रोग्राम बसवू नये. कार्ड संगणकास जोडताच कधी कधी ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. त्यास होकार देऊ नये. तो प्रश्न म्हणजे कार्ड रिकामे असल्याचा निर्वाळा नव्हे. नोंदवही वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

परंतु गेलेले परत मिळविण्याच्या मागे लागण्यापूर्वी ते खरोखर गेले आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. हरवली म्हणून समजलेली कितीतरी छायाचित्रे केवळ दुसऱ्या जागी ठेवलेली असतात. ‘पिक्चर्स’ या नावाचे फोल्डर काही संगणकांत एक नसून दोन असतात. वनड्राइव्ह ही व्यवस्था चालू झाली की तिच्याही पोटात त्याच नावाचे फोल्डर तयार होते आणि नव्या फाईली तिकडे जाऊ लागतात. घरातील मुलाने स्वतःच्या नावाने वेगळे खाते उघडले असेल, तर त्याने उतरविलेले फोटो वडिलांच्या खात्यात दिसत नाहीत. म्हणून फोल्डरे एकेक उघडीत बसण्यापेक्षा संगणकाकडूनच शोध करून घ्यावा. विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ निवडून शोधाच्या चौकटीत एक तारका, एक टिंब आणि पुढे जे, पी, जी ही तीन रोमन अक्षरे लिहिली की त्या खात्यास दिसू शकणारी त्या प्रकारची सर्व छायाचित्रे समोर येतात. आयफोनवरून घेतलेली चित्रे एचईआयसी या प्रकारची असू शकतात. त्यांसाठी ती अक्षरे लिहून पुन्हा शोधावे.

नावाने शोधावयाचे तर कॅमेऱ्याची पद्धत ठाऊक असावी. १९९८ साली जपानमध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे कॅमेरा आपली छायाचित्रे ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात ठेवतो. पुष्कळ लोक कार्डावरून ते फोल्डरच उचलून संगणकात टाकतात व मग कोठे टाकले ते विसरतात. म्हणून हे नाव शोधून पाहणे हा एक चांगला उपाय होय. तारखेवर मात्र सर्वस्वी विसंबू नये. कॅमेऱ्याचा सेल फार दिवस उतरलेला राहिला की आतील घड्याळ मूळपदावर जाते, आणि दोन वर्षांपूर्वीचे झेंडावंदन २००० सालच्या जानेवारीत जाऊन बसते. ऑगस्ट महिन्यात शोधणाऱ्यास ते कसे सापडावे?

यानंतर रीसायकल बिन पाहावी. तेथे फाईल असेल तर ‘रिस्टोअर’ म्हणताच ती मूळ जागी परत जाते. पेन ड्राइव्ह व कार्ड यांवरून काढलेल्या फाईली सामान्यतः या पेटीत येत नाहीत, तसेच शिफ्ट कळ दाबून काढलेल्याही येत नाहीत. गूगल फोटोजमध्ये चढविलेली छायाचित्रे काढून टाकल्यावर ६० दिवस तेथील ‘ट्रॅश’मध्ये राहतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो पाठविले होते काय, हेही विचारून पाहावे. तेथील प्रत लहान केलेली असते, पण काहीच नसण्यापेक्षा ती बरी. तालुक्याच्या ज्या स्टुडिओत छपाई करून घेतली, त्याच्या संगणकातही एखादे वेळी प्रत शिल्लक असते.

गुरुजींच्या घरी हे सर्व करून झाले. जागा कमी पडते म्हणून थोरल्या मुलाने जुने फोल्डर काढून टाकले आणि पेटीही रिकामी केली, असे निष्पन्न झाले. व्हॉट्सॲपवर केवळ मुलांच्या कवायतीचे दोन फोटो गेले होते.

आता डिस्क कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जुन्या संगणकांतील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सातबाऱ्याचा दाखला पुरेपूर लागू पडतो. नव्या संगणकांत एसएसडी नावाची न फिरणारी डिस्क असते, तिची रीत निराळी आहे. फाईल काढली की संगणक या डिस्कला ‘ट्रिम’ नावाची आज्ञा देतो आणि डिस्क मोकळ्या झालेल्या जागा स्वतःच साफ करून ठेवते. नाव कमी होताच शेत नांगरून टाकावे, तसा हा प्रकार आहे. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. त्यामुळे एसएसडीवरून पेटीतूनही गेलेली छायाचित्रे परत मिळण्याची आशा फारच थोडी असते, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पैसे घेऊन हमखास काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागण्यापूर्वी तर अवश्य. गुरुजींचा संगणक याच जातीचा होता. परंतु कॅमेऱ्याच्या कार्डावर अशी सफाई बहुधा होत नाही. त्यांचे कार्ड त्या दिवसानंतर एकदाच, स्नेहसंमेलनाच्या थोड्या छायाचित्रांसाठी वापरले गेले होते. म्हणजे शेताचा एक कोपरा पेरला गेला होता, बाकीचे पडीक होते.

नोंदवही निरुपयोगी झाल्यावर पीक ओळखावयाचे कसे? तर शेतातून चालत जाऊन. ज्वारीचे कणीस पाहून ज्वारी ओळखावी, त्याप्रमाणे जेपीजी जातीच्या प्रत्येक चित्राचा आरंभ ठराविक आकड्यांनीच होतो. त्या आरंभखुणा शोधीत कार्डाची प्रत्येक जागा वाचीत जाणारे प्रोग्राम आहेत. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फोटोरेक हा त्यांपैकी एक असून तो विनामूल्य मिळतो व विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालतो. तो मूळ कार्डावर काही लिहीत नाही, केवळ वाचतो. मिळालेली चित्रे मात्र निराळ्या डिस्कवर ठेवावी लागतात. ती त्याच कार्डावर ठेवली, तर एक चित्र वाचविताना दुसरे गाडले जाईल. मायक्रोसॉफ्टनेही २०२० साली विंडोज फाईल रिकव्हरी हे साधन विनामूल्य दिले; त्यात आज्ञा अक्षरे लिहून द्याव्या लागतात, म्हणून नवख्यास ते जड वाटते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर यांपैकी कशाचाही प्रयोग न करता वीज बंद करावी. तो बिघाड यंत्राचा आहे व ते काम जाणकाराचे.

अशा रीतीने मिळालेल्या चित्रांस पूर्वीची नावे नसतात. केवळ क्रमांक असतात. शेकडो चित्रे नजरेखालून घालावी लागतात. शिवाय काही अर्धवट निघतात. याचे कारण असे की, एक फाईल नेहमी सलग जागेत असतेच असे नाही. कार्यक्रम चालू असतानाच कॅमेऱ्यातील नको असलेले फोटो काढून टाकले की मध्ये लहान लहान जागा मोकळ्या होतात, आणि पुढचे चित्र तुकड्यांनी त्यांत बसते. एकाच कुटुंबाची जमीन दोन गटांत असावी तसे हे होय. पहिला तुकडा शाबूत आणि दुसऱ्यावर नवी पेरणी, अशी स्थिती असली म्हणजे चित्राचा वरचा भाग दिसतो, खालचा दिसत नाही. कारण साधारणतः चित्र वरून खाली या क्रमाने साठविलेले असते.

हा पाठ सहावी-सातवीच्या वर्गात प्रत्यक्ष करून दाखविता येतो. एक लहान, निकामी न झालेला पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यावर शाळेच्या आवारातील झाडांची वीस छायाचित्रे ठेवावी, मुलांकडून मोजून घ्यावी आणि काढून टाकावी. ड्राइव्ह रिकामा दिसतो, हे मुलांनी पाहावे. नंतर फोटोरेक चालवून किती परत येतात ते फळ्यावर लिहावे. दुसऱ्या वेळी चित्रे काढल्यावर ड्राइव्ह जवळजवळ भरेल इतका मोठा चित्रपट किंवा अन्य फाईल त्यावर उतरवावी, ती काढावी आणि पुन्हा शोध घ्यावा. दोन आकड्यांतील अंतर पाहिल्यावर ‘लिहू नका’ हा नियम पाठ करून घ्यावा लागत नाही. निष्कर्ष मुलांनीच सांगावा. शिक्षकाने घाई करू नये.

प्रयोगासाठी कोणाकडून मागून आणलेला ड्राइव्ह मात्र वापरू नये. त्यातून मालकाची जुनी, खाजगी छायाचित्रे वर्गासमोर येण्याचा संभव असतो. जे सापडण्याची सोय आहे तीच झाकण्याची अडचणही आहे, ही गोष्ट मुलींच्या पालकांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. जुने कार्ड कोणास देण्यापूर्वी ते पूर्णपणे फॉरमॅट करावे. ‘क्विक’ हा पर्याय नोंदवहीच तेवढी कोरी करतो. तो पर्याय काढून केलेले फॉरमॅट विंडोजमध्ये सर्व जागेवर शून्ये लिहिते.

प्रतींविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. सी ड्राइव्हवरील फोटोंची प्रत डी ड्राइव्हवर ठेवून पुष्कळजण निश्चिंत होतात. हे दोन्ही बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात. एकाच पेटीच्या दोन कप्प्यांत दागिने ठेवावे तसे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर वेगळ्या घरात असावी. कार्ड रिकामे करण्यापूर्वी संगणकातील चित्रे मोजावी व त्यांतील चार-दोन उघडून पाहावी.

गुरुजींनी कार्डाची खिट्टी सरकवून ते संगणकास लावले आणि सापडेल ते एका बाहेरच्या डिस्कवर घेतले. पहाटेपर्यंत चित्रे निघत होती. स्नेहसंमेलनाची नाटके, कोणाची तरी गाय, कवायतीच्या रांगा, ध्वजस्तंभ. त्यांत ते एक छायाचित्र होते, नावाऐवजी क्रमांक असलेले आणि अर्धेच. पुढे बसलेल्या मुलांच्या जागी नुसता करडा पट्टा होता. त्याच्या वर, मागच्या रांगेत, पांढरा सदरा घातलेले ते गृहस्थ ध्वजाकडे पाहत उभे होते, आणि त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. गुरुजींनी त्याच्या दोन प्रती केल्या, एक शाळेच्या डिस्कवर ठेवली आणि दुसरी छापावयास तालुक्याला पाठविली.