मोबाईलवरचा वर्ग आणि पोटदुखी

2020 च्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा मार्चपासून बंद होत्या. वणीतील मुले मोबाईलवरच वर्गाला बसत. सातवीतल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, याचं पोट रोज दहाच वाजता दुखते. रविवारी नाही!" तपासले. पोट मऊ, ताप नाही, जुलाब नाही. वर्ग दहाचाच होता. एकदा माईक चालू राहिला, घरातले भांडण साऱ्या वर्गाने ऐकले, कोणी हसले. एवढे त्याने मान खाली घालून सांगितले.

मूल सोंग करीत नव्हते. भीती वा लाज वाटली की ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, आतड्यांची हालचाल बिघडते आणि पाठ केलेलेही ऐनवेळी आठवत नाही. थोडी धाकधूक अभ्यासाला बरी, पण जास्त झाली की डोके चालत नाही. बाकावर शेजारचा मित्र कोपराने ढोसून धीर देतो. मोबाईलवर ती सोय नाही.

औषध दिले नाही. शिक्षकांना सांगून तीन मित्रांसोबत त्याचा छोटा गट केला. आधी दहा मिनिटे गप्पा, मग गणिते. उत्तर लिहून पाठविले तरी चालेल. पंधरा दिवसांत दुखणे थांबले.

शाळा पुढे उघडल्या, मोबाईलवरच्या शिकवण्या मात्र राहिल्या. त्या वेळीच मूल वारंवार संडासला जात असेल तर पालकांनी रागावू नये, शांतपणे विचारावे. वजन घटणे, दुखण्याने रात्री जाग येणे, शौचातून रक्त जाणे, यांपैकी काही असल्यास मनावर न ढकलता लगेच तपासून घ्यावे.