न बोलता दिलेला शब्द
('उसने कहा था' या कथेतील लहनासिंह : वरच्या वर्गांसाठी अभ्यासलेख)



हिंदी विषयाच्या अभ्यासात 'उसने कहा था' ही कथा तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी भेटते. परीक्षेत प्रश्न येतो, 'लहनासिंहाचे चरित्र-चित्रण करा.' उत्तरही ठरलेले असते : शूर, चतुर, कर्तव्यनिष्ठ, त्यागी आणि आदर्श प्रेमी. पाच शब्द, पाच गुण. यांतला एकही शब्द चुकीचा नाही. पण एवढे पाठ करून थांबले, तर लहनासिंह हातून निसटतो. पहिले चार गुण त्याच्या कृतीत उघड दिसतात. पाचवा मात्र त्याच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. आपले कोणावर प्रेम आहे, असे लहनासिंह कथेत कोणालाही सांगत नाही. तरीही कथा वाचून मिटली की आपल्याला तेच सर्वांत जास्त जाणवते. हे कसे घडते, याचा विचार या लेखात आपण करू.

लेखक आणि काळ

चंद्रधर शर्मा गुलेरी (१८८३–१९२२) हे संस्कृत, इतिहास आणि भाषाशास्त्र यांचे गाढे पंडित. जन्म जयपूरचा, घराणे मूळचे कांगड्याजवळच्या गुलेर गावचे. त्यांच्या प्रसिद्ध कथा मोजून तीन. पण त्यांतल्या या एका कथेने त्यांचे नाव हिंदी साहित्यात कायमचे कोरले गेले. ती १९१५ साली 'सरस्वती' मासिकात छापली गेली. त्या वेळी महावीरप्रसाद द्विवेदी या मासिकाचे संपादक होते.

सालाकडे लक्ष द्या. पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर भारतीय पलटणी फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. उन्हाच्या देशातील शिपायांनी तो हिवाळा फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत काढला. गुलेरींची कथा आली तेव्हा हे युद्ध चालूच होते.

कथा थोडक्यात

अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा एक मुलगा आणि आठ वर्षांची एक मुलगी एका दुकानावर भेटतात. तो मामाचे केस धुण्यासाठी दही न्यायला आलेला, ती स्वयंपाकासाठी वड्या न्यायला. दोघेही मामाकडे राहायला आलेली. मुलगा थट्टेने तिला विचारतो, तुझी कुडमाई, म्हणजे साखरपुडा, झाला का? ती लाजून पळते. महिनाभर हा खेळ चालतो. एके दिवशी ती सांगते की झाला, आणि पुरावा म्हणून रेशमी भरतकामाची ओढणी दाखवते.

मग पंचवीस वर्षे लोटतात. मुलगा आता जमादार लहनासिंह आहे. त्याच्या पलटणीतील सुभेदार हजारासिंह यांची पत्नी म्हणजेच ती मुलगी. लढाईवर निघण्यापूर्वी ती त्याला ओळखते, आत बोलावते आणि पदर पसरून मागणे मागते की माझ्या नवऱ्याला आणि माझ्या एकुलत्या मुलाला सांभाळा. खंदकात लहनासिंह हे मागणे पूर्ण करतो. सुभेदार आणि त्यांचा मुलगा बोधासिंह दोघेही वाचतात. लहनासिंह मरतो.

'उसने' म्हणजे कोणी?

आपल्या गावात मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी वाचतात. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहिल्याचा एक फायदा इथे मिळतो. या कथेच्या नावाचे मराठी भाषांतर करून पाहा. लगेच अडचण येते. 'उसने' हे हिंदी सर्वनाम स्त्रीलाही लागते आणि पुरुषालाही. मराठीत मात्र आपल्याला ठरवावेच लागते : 'त्याने' की 'तिने'? 'तिने म्हटले होते' असे लिहिले, की अर्थ बरोबर येतो, पण गुपित फुटते.

गुलेरींच्या शीर्षकात हे गुपित जपलेले आहे. प्रथमच वाचणाऱ्याला कोणी म्हटले आणि काय म्हटले, हे शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. जखमी लहनासिंह ग्लानीत हेच शब्द पुटपुटतो, तेव्हा त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या वजीरासिंहालाही काही उमगत नाही. स्वतः सुभेदार गाडीत चढताना विचारतात की ती काय म्हणाली होती? लहनासिंह उत्तर देत नाही. तो एवढेच बजावतो की मी सांगितले तेवढे तिला कळवा. निरोपही किती लहान! तिने जे सांगितले होते ते मी केले. आपण जखमी आहोत, कदाचित वाचणार नाही, याचा त्यात उल्लेखही नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. सुभेदारणीने मागणे मागितले, तेव्हा लहनासिंहाने 'हो' म्हटल्याचेही गुलेरी लिहीत नाहीत. ती रडत आतल्या खोलीत जाते, तो डोळे पुसत बाहेर येतो. शब्द दिला गेला, पण उच्चारला गेला नाही. बोलली ती, तो बोलला नाही, त्याने केले. कथेच्या नावात तिचे बोलणे आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजे उरलेली सारी कथा.

गुण कृतीतून कसे दिसतात

चरित्र-चित्रण लिहिताना गुणाचे नाव लिहिणे सोपे असते. त्याला प्रसंगाचा आधार द्यावा लागतो. म्हणून आपण काही प्रसंग पाहू.

१. माया. बोधासिंह तापाने फणफणला आहे. लहनासिंह आपली कांबळी त्याला पांघरतो, आपल्या कोरड्या फळ्यांवर त्याला झोपवतो, स्वतः चिखलात राहतो आणि त्याच्या वाट्याचा पहाराही देतो. एवढेच नाही, तर आपली गरम जर्सी त्याला घालतो. मुलगा संकोचू नये म्हणून खोटे सांगतो की माझ्याजवळ दुसरी आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याला ओझे वाटू दिले नाही, हे त्या देण्यातले मोठेपण.

२. बुद्धी. लपटन साहेबाच्या वेषात एक जर्मन खंदकात येतो आणि सुभेदारांना बहुतेक शिपायांसह दूरच्या हल्ल्यावर पाठवून देतो. लहनासिंहाला शंका येते. साहेबाचे केस एकाएकी इतके बारीक कसे कापले गेले? उर्दू इतके पुस्तकी कसे? तो आरडाओरडा करत नाही. जुन्या शिकारीच्या गप्पा काढतो आणि मुद्दाम चुकीच्या गोष्टी त्यांत पेरतो. नीलगाईला दोन-दोन फुटांची शिंगे असल्याचे समोरच्याने मान्य केले, की शंका संपली. काडेपेटी आणण्याच्या निमित्ताने तो बाजूला होतो आणि वजीरासिंहाला सुभेदारांना परत आणायला धाडतो.

३. धैर्य. सत्तर जर्मन चालून येतात आणि खंदकात मोजके शीख उरलेले असतात. आधीच मांडीत गोळी लागलेला लहनासिंह उभा राहून नेम धरून लढतो. सुभेदारांची तुकडी मागून येते आणि शत्रू दोहोंच्या मध्ये सापडतो.

४. सोसणे. याच चकमकीत त्याच्या बरगडीत दुसरी गोळी घुसते. तो जखमेत खंदकातली ओली माती भरतो, वर साफा आवळतो. कोणालाच पत्ता लागत नाही. जखमींना न्यायला गाड्या येतात, तेव्हा तो बोधाची आणि सुभेदारणीची शपथ घालून बापलेकांना चढवतो आणि स्वतः मागे राहतो.

या चारही प्रसंगांत 'प्रेम' कोठे आहे? नाव घेऊन कोठेच नाही, आणि तरी प्रत्येक प्रसंगात आहे.

दोन वयांतला लहनासिंह

आता कथेच्या सुरुवातीकडे पुन्हा वळू, कारण एक महत्त्वाचा धडा तिथे आहे. साखरपुडा झाल्याचे ऐकून बारा वर्षांचा मुलगा घरी परततो. वाटेत तो एका पोराला गटारात ढकलतो, एका फेरीवाल्याची दिवसभराची कमाई सांडतो, कुत्र्याला दगड मारतो, भाजीच्या गाडीवर दूध ओततो, आणि स्नान करून येणाऱ्या एका बाईला धडकून शिव्या खातो. गुलेरी कोठेही लिहीत नाहीत की मुलाला दुःख झाले. त्या एका रस्त्यावरून आपल्याला ते कळते.

मुलाला दुःख झाले यात त्याचा दोष नाही. पण त्या दुःखाची किंमत कोणी चुकवली? ज्यांचा काही संबंध नव्हता अशा रस्त्यावरच्या माणसांनी.

सदतिसाव्या वर्षीचा लहनासिंह पाहा. ज्या माणसाशी त्या मुलीचे लग्न झाले, त्याच माणसाच्या हाताखाली तो काम करतो. हेवा नाही, टोमणा नाही, जुनी आठवण काढून तिला संकोचात टाकणे नाही. मधल्या पंचवीस वर्षांत तो तिला विसरूनही गेला होता; ओळख तिने दिली. तो झुरत बसला नव्हता. त्याला शेती होती, जमिनीचा खटला होता, भाऊ कीरतसिंह होता, अंगणात लावलेला आंबा होता. शेवटच्या ग्लानीत तो म्हणतो की हा आंबा कीरतच्या पुतण्याच्या जन्माच्या महिन्यात लावला. कीरतचा पुतण्या म्हणजे बहुधा लहनासिंहाचाच मुलगा, असा त्याचा अर्थ निघतो. म्हणजे त्याचे स्वतःचे भरले घर होते, आणि तिचे तिचे होते.

लहनासिंहाच्या प्रेमात मागणी नाही. लहानपणीही त्याने काही मागितले नव्हते. टांग्याचा घोडा उधळला तेव्हा स्वतः घोड्याच्या पायांत शिरून त्याने तिला उचलले आणि दुकानाच्या फळीवर उभे केले. हा प्रसंग आपल्याला केव्हा कळतो? पंचवीस वर्षांनी, सुभेदारणीच्या तोंडून. त्याने स्वतः तो कोणाला सांगितल्याचे दिसत नाही.

मित्रांनो, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. वर्तमानपत्रांत 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' असे मथळे येतात. नकार मिळाला म्हणून कोणी मुलीची वाट अडवतो, कोणी तिची बदनामी करतो, कोणी याहूनही भयंकर काही करतो. अशा वागण्याला 'प्रेम' हा शब्द लावणे म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे. तो अमृतसरच्या रस्त्यावरचा बारा वर्षांचा राग आहे, वय वाढूनही न वाढलेला. आपल्याला आवडणारे माणूस आपले झाले नाही, तरी त्याचे भले चिंतता येते, त्याच्या वाटेतून सन्मानाने बाजूला होता येते. मुलगा ते लहनासिंह हा प्रवास नेमका हाच आहे.

काय घ्यावे, काय घेऊ नये

प्रत्येक नायकाचे सगळेच अनुकरण करायचे नसते. जखमेत माती भरून गप्प राहणे हा रणांगणावरचा, त्या एका रात्रीचा निर्णय होता. घरात आणि शाळेत आपले दुखणे लपवणे हा गुण नव्हे. मनाला काही बोचत असेल तर आईवडिलांना, शिक्षकांना सांगावे. लहनासिंहाचे मौन आपल्या दुखण्याबद्दल शिकायचे नाही. आपण केलेल्या उपकाराबद्दल शिकायचे आहे.

१९६० साली बिमल रॉय यांनी याच नावाचा चित्रपट निर्माण केला. दिग्दर्शन मोनी भट्टाचार्य यांचे, नायक सुनील दत्त, आणि नायिका मास्टर विनायकांची कन्या नंदा. चित्रपटाची भाषा वेगळी. तिथे प्रेमाला गाणी मिळतात. चित्रपट अवश्य पाहा, पण आधी कथा वाचा. कागदावरची शांतता पडद्यावर पूर्ण उतरत नाही.

कथेचा शेवट वर्तमानपत्रातील मृतांच्या यादीने होतो : पलटण, हुद्दा, नाव, जखमांमुळे मृत्यू. बस्स. जगाला लहनासिंह एवढाच कळला. फ्रान्समधील नव शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर वा समाधी ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्या प्रत्येक नावामागे कोणी काय म्हटले होते आणि कोणी काय पाळले, हे दगड सांगू शकत नाही. गुलेरींनी अशा यादीतल्या एका ओळीमागचा माणूस आपल्याला दाखवला, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

विचारासाठी प्रश्न

१. सुभेदारांनी विचारल्यावरही लहनासिंहाने उत्तर का दिले नसावे? तुमच्या शब्दांत लिहा.
२. कथेचे शीर्षक मराठीत तुम्ही काय द्याल? गुपित न फोडता देता येईल का?
३. लहनासिंहाचा एकच गुण निवडा आणि गुणाचे नाव न लिहिता, फक्त प्रसंग सांगून तो दाखवा.
४. तुमच्या घरात कोणी न बोलता तुमच्यासाठी केलेली एक गोष्ट आठवा आणि आज त्या व्यक्तीला तसे सांगा. हे उत्तर वहीत लिहायचे नाही.