तीन मिनिटांची विज्ञानस्पर्धा : विद्यार्थ्याची कल्पना आणि शिक्षकाचे कार्य

प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर शहरातील उस्मानपुरा भागात, स्टेशन रस्त्यावर, १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शासकीय तंत्रनिकेतनही याच भागात आहे. आसपासच्या तालुक्यांतील खेड्यांतून अनेक विद्यार्थी येथे शिकण्यास येतात. उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांवर आपल्या संशोधनाची कल्पना परीक्षकांपुढे थोडक्या वेळात मांडण्याचे प्रसंग आता वारंवार येतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ साली सुरू झालेले ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन त्यांपैकी एक प्रमुख होय.

अशा प्रसंगी काही विद्यार्थ्यांचे काम चांगले असूनही ‘हा प्रश्न तुम्हांला का पडला?’ एवढ्या साध्या पृच्छेपाशी ते अडखळतात. दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करण्याची सवय त्यांना लहानपणापासून लागलेली असते. स्वतःला पडलेला प्रश्न चारचौघांत मांडण्याची सवय मात्र लागलेली नसते. ही उणीव महाविद्यालयात भरून काढणे फार उशिराचे ठरते. तिचा विचार प्राथमिक शाळेतच व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने शिक्षकाने काय करावे व काय टाळावे याचे विवेचन केले आहे.

स्पर्धेचे स्वरूप

थोडक्या वेळात संशोधन मांडण्याच्या स्पर्धांपैकी जगभर पसरलेली एक स्पर्धा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली सुरू झाली. तिचा उगम मराठवाड्यातील शिक्षकांस विशेष जवळचा वाटेल. त्या प्रांतात तेव्हा तीव्र अवर्षण होते. स्नानाला पाणी कमी लागावे म्हणून अनेक घरांतील न्हाणीघरांत तीन मिनिटांची वाळूची घड्याळे लावलेली होती. वाळू संपली की पाणी बंद करावयाचे. हे पाहून विद्यापीठातील एका प्राध्यापकांना असे सुचले की, पाण्याप्रमाणे शब्दांनाही अशी मर्यादा का असू नये? त्यातून नियम ठरले : वेळ तीन मिनिटे, सोबत एकच स्थिर चित्र, अन्य कोणतेही साहित्य नाही. वेळ ओलांडणारा स्पर्धक बाद. ज्या प्रदेशात हंडाभर पाणी पुरवून वापरण्याचे शिक्षण घरोघरी मिळते, तेथील मुलांना शब्द पुरवून वापरण्याचे मर्म समजावणे कठीण जाऊ नये.

शालेय विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर–मानक’ ही योजना आहे. सहावीपासूनचे विद्यार्थी तीत भाग घेऊ शकतात. शाळेने मुलांच्या मूळ कल्पना जमवून त्यांतील निवडक कल्पना कळवावयाच्या असतात. निवड झालेल्या विद्यार्थ्यास प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात व पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्र या पायऱ्यांवर प्रदर्शने होतात. कल्पनेचे नावीन्य आणि समाजास होणारा तिचा उपयोग यांना परीक्षणात महत्त्व असते. भपकेबाज प्रतिकृतीस तेथे स्वतंत्र स्थान नाही, ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

कल्पना कोणाची?

स्पर्धेची सूचना आली की पुष्कळ शाळांत घाई होते. बाजारातून तयार साहित्य आणून ज्वालामुखीची प्रतिकृती होते. शिक्षक भाषण लिहून देतात, हुशार व धीट असा एखादा विद्यार्थी ते पाठ करतो. शाळेचे नाव व्हावे हा हेतू वाईट नसतो. परंतु परीक्षकाने मध्येच एक प्रश्न विचारला की पाठांतराचा धागा तुटतो आणि मूल गप्प होते. त्याहून मोठी हानि वर्गात होते. मागे बसलेल्या ज्या मुलीला खरोखरच काही प्रश्न पडला होता, तिला असे कळते की शाळेला तिचा प्रश्न नको आहे. अशी मुलगी पुन्हा विचारीत नाही.

म्हणून पहिले काम प्रश्न गोळा करण्याचे होय. वर्गाच्या कोपऱ्यात एक वही टांगून ठेवावी. घरी, शेतात, पाणवठ्यावर, बाजारात जे नवल वाटले ते विद्यार्थ्याने तीत लिहावे. महिनाभर शिक्षकाने एकाही प्रश्नास उत्तर देऊ नये. केवळ आठवड्यातून एकदा सर्व प्रश्न वर्गात मोठ्याने वाचावेत. ज्यांचे उत्तर पुस्तकात सहज मिळते ते बाजूस काढावेत. जे स्वतः करून पाहता येतील ते उरतात. स्पर्धेचे बी त्यांतच असते.

एक नमुना : सोयाबीनचे पोते

मराठवाड्यात सोयाबीनचे पीक सर्वत्र आहे. बी उगवले नाही तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची आपत्ती येते व आधीच कर्जात असलेले घर आणखी खचते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते, म्हणून बियाण्याचे पोते आपटू नये, पोत्यांची फार उंच थप्पी लावू नये, असे कृषी विभाग सांगतो. अनुभवी शेतकरीही तेच सांगतात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने वहीत लिहिले, ‘पोते आदळले तर बी खरेच मरते का?’ हा प्रश्न तिचा स्वतःचा आहे, घराच्या हिताचा आहे आणि एका पैशाच्या खर्चावाचून तपासता येतो.

कृति पुढीलप्रमाणे करावी. एकाच पोत्यातून दोनशे दाणे न निवडता घ्यावेत. शंभर दाणे जसेच्या तसे ठेवावेत. उरलेले शंभर एका पिशवीत बांधून, डोक्याइतक्या उंचीवरून कठीण जमिनीवर दहा वेळा टाकावेत. ओल्या गोणपाटाच्या दोन तुकड्यांवर प्रत्येक ओळीत दहा याप्रमाणे दहा ओळी मांडून वरून ओले गोणपाट पसरावे, गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. गोणपाट वाळू देऊ नये. सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. शंभरांपैकी सत्तर किंवा अधिक उगवले तर ते बियाणे पेरणीस योग्य समजतात.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधावे. पहिली : दोन्ही गुंडाळ्यांत पाणी, जागा व दिवस सारखेच असावेत, फरक फक्त आदळण्याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हे प्रयोगाचे मर्म आहे. दुसरी : एका वेळच्या मोजणीवर विसंबू नये; निदान तीनदा तेच करून पाहावे. गुंडाळी उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपापला अंदाज लिहून ठेवावा.

आणि अंदाजाप्रमाणे फरक दिसलाच नाही तर? तर तोच आकडा लिहावा. फळ्यावरचा आकडा ‘दुरुस्त’ करण्याचा मोह याच क्षणी होतो आणि शिक्षकाची खरी परीक्षाही याच क्षणी असते. ‘आम्हांला फरक आढळला नाही, पिशवी लहान होती म्हणून असे झाले असेल, पुढच्या वेळी भरलेले पोते घेऊन पाहू,’ असे सांगणारे मूल संशोधनाच्या मार्गावर आहे. बदललेला आकडा घेऊन पारितोषिक मिळविणारे मूल त्या मार्गावरून ढळले आहे, व त्याला ढळविणारा त्याचा शिक्षकच असतो.

तीन मिनिटांची विभागणी

मांडणीचे चार भाग करावेत : प्रश्न कोठून आला यास अर्धे मिनिट, काय केले यास एक मिनिट, काय दिसले यास पाऊण मिनिट, त्याचा उपयोग कोणास, व अजून काय पाहावयाचे राहिले, यास उरलेले पाऊण मिनिट. भाषण लिहून देऊ नये. विद्यार्थ्याने प्रथम शेजारच्या मुलाला सांगावे, नंतर खालच्या वर्गाला, शेवटी सर्व शाळेला. चौथीच्या मुलाला जे समजले नाही ते मांडणीतून काढावे किंवा सोपे करावे. सोबतचे चित्र एकच असावे. वरील प्रयोगात दोन उघडलेल्या गुंडाळ्यांचे चित्र पुरेसे आहे.

भाषेचा प्रश्न

‘आदरणीय परीक्षक महोदय, आजच्या विज्ञानयुगात…’ अशा सुरुवातीने अर्धे मिनिट जाते व हाती काही लागत नाही. याउलट, ‘माझे बाबा हमालाला म्हणतेत, पोतं आदळू नको, बी मरतंय. खरंच मरतंय का, ते मी बघितलं,’ एवढ्या दोन वाक्यांत प्रश्न, स्थळ व हेतू सर्व काही येते. बोलीमुळे विद्यार्थ्यास अडवू नये. प्रमाण भाषा त्याला हळूहळू येईलच. परंतु बोलण्याच्या भरात एकदा टोकले की कल्पनाही ओठांतच राहते. उच्चारापेक्षा विचाराचा क्रम तपासावा.

मूल्यमापन

राष्ट्रीय विज्ञान दिन, २८ फेब्रुवारी, हा शाळेतील स्पर्धेस सोयीचा दिवस आहे. डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली त्याच दिवशी आपला शोध लावला होता. द्विशिक्षकी शाळांनी केंद्रातील दोन-तीन शाळा मिळून कार्यक्रम करावा. गुण देताना पुढील गोष्टी पाहाव्यात : प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे काय? त्याने स्वतः करून पाहिले आहे काय? दिसले तेच सांगितले काय? अनपेक्षित प्रश्नास त्याने विचार करून उत्तर दिले काय? ‘मला माहीत नाही, करून पाहीन’ हे उत्तर पूर्ण गुणांस पात्र समजावे. सफाईदार वक्तृत्वास वेगळे गुण ठेवू नयेत.

समारोप

शाळेतील प्रत्येक विद्यार्थी शास्त्रज्ञ होणार नाही. तसा हेतूही नाही. परंतु प्रत्येकाने शेतकरी, कारागीर, परिचारिका वा अभियंता होताना ऐकीव गोष्ट तपासून पाहावी आणि दिसले ते निर्भयपणे सांगावे, एवढे शाळेने निश्चित साधावे. खेड्यातील मुलाला उस्मानपुऱ्यातील महाविद्यालयाच्या व्यासपीठापर्यंत पोहोचविणारा रस्ता गुणपत्रिकेपासून सुरू होत नाही. ज्या दिवशी शिक्षक खडू खाली ठेवून तीन मिनिटे त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात, त्या दिवशी तो सुरू होतो.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांनी गेल्या महिन्यात विचारलेले, पुस्तकाबाहेरचे तीन प्रश्न कोणते?
२. त्यांपैकी कोणता प्रश्न गावातील साहित्याने तपासता येईल? त्यात कोणती एकच गोष्ट बदलावी लागेल?
३. वर्गात कधीही न बोलणाऱ्या विद्यार्थ्यास पहिली तीन मिनिटे मिळावीत यासाठी कोणती योजना करता येईल?